नगरवाहिनी आणि सामान्य नागरिक

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी 'शहराची दूरचित्रवाणी वाहिनी' हा विषय माझ्याकडे सोपविला, तेव्हा काही मंडळींना तो या व्यासपीठाला थोडा वेगळा वाटला. शिक्षण, नोकऱ्या, वसतिगृहे, घरकुले हे आपल्या मेळाव्यांचे नेहमीचे विषय. टीव्ही ही करमणुकीची वस्तू. तिच्यावर व्याख्यान कशाला, असे कोणालाही वाटेल. परंतु थोडा विचार करा. घरकुलाची यादी कोठे लागली, नळ आता किती दिवसांनी येणार, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत कधी संपते, रस्तारुंदीत कोणाची घरे जाणार, हे ज्याला वेळेवर कळते त्याचे काम होते. ज्याला उशिरा कळते तो कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो. आणि हे कळणे आज बहुतांशी ओळखीवर अवलंबून आहे. ज्याची नगरसेवकाशी ओळख आहे, ज्याचा भाचा कचेरीत बाबू आहे, त्याला आधी कळते. ज्याची कोठेच ओळख नाही, त्याच्यासाठी जी व्यवस्था असते तिलाच मी सार्वजनिक प्रसारण म्हणतो. म्हणून हा विषय आपला आहे.

मनोरा गावात, आवाज दिल्लीचा

आपल्या देशात दूरदर्शनचे पहिले प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या केंद्राने मराठीची चांगली सेवा केली, हे मान्य केले पाहिजे. 'आमची माती आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. पुढे १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभारली गेली आणि त्या दशकात आपल्या भागातील शहरांवरही असे मनोरे दिसू लागले. शंभर वॅटचे ते यंत्र. साधारण पंधरा किलोमीटरच्या टापूत त्याचे चित्र दिसे. पण त्या केंद्रात कॅमेरा नव्हता, स्टुडिओ नव्हता, निवेदक नव्हता. दिल्ली-मुंबईहून येणारे कार्यक्रम उतरवून घ्यायचे आणि पुढे सोडायचे एवढेच त्याचे काम. मनोरा आपल्या गावात होता, पण त्या मनोऱ्याला आपल्या गावाविषयी एक वाक्यही बोलण्याची सोय नव्हती. काटेपूर्णेच्या महान धरणात पाणी किती उरले हे अकोल्याला, आणि सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाची स्थिती काय हे अमरावतीला, त्या मनोऱ्यावरून कधी कळले नाही.

हे असेच व्हायला हवे होते काय? नाही. शेजारच्या गुजरातेत याच काळात निराळा प्रयोग झाला. खेडा जिल्ह्यातील पीज या गावी १९७५ मध्ये अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने एक लहान प्रक्षेपक बसविला आणि जिल्ह्यातील गावांत सार्वजनिक संच ठेवले. कार्यक्रम त्या जिल्ह्याच्या बोलीत, त्या जिल्ह्याच्या प्रश्नांवर होत असत. शेतमजुराला मिळणारे किमान वेतन, अस्पृश्यतेचे चटके, सहकारी संस्थांचा कारभार हे विषय तेथे पडद्यावर आले आणि गावकरी स्वतः त्यात बोलले. या प्रयोगाला युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कारही मिळाला. आणि १९८५ मध्ये तो प्रक्षेपक तेथून काढून मद्रासला दुसऱ्या वाहिनीसाठी नेण्यात आला. महानगराला दुसरी वाहिनी देण्यासाठी खेड्याची एकुलती एक वाहिनी गेली. देशाच्या प्रसारणाचा क्रम त्या काळात काय होता, हे यावरून ध्यानात येते.

आता तर ते लहान मनोरेही इतिहासजमा झाले. सीमाभागातील मोजकी सोडल्यास दूरदर्शनची जुन्या पद्धतीची प्रक्षेपण केंद्रे मार्च २०२२ अखेरपर्यंत बंद करण्यात आली. दूरदर्शन पाहायचे तर डिश हवी किंवा केबल हवी. 'डीडी फ्री डिश'ला मासिक वर्गणी नाही, ही गरीब घरासाठी मोठी सोय आहे. 'सह्याद्री' वाहिनीही तेथे दिसते. पण सह्याद्री साऱ्या महाराष्ट्राची. तिच्या चोवीस तासांत अमरावती-अकोल्याच्या वाट्याला किती मिनिटे येतात, ते आपण पाहतोच.

केबल आली, पण चावी कोणाकडे?

१९९१ नंतर केबल आली. त्या दिवसांत केबलवाला म्हणजे आपल्याच मोहल्ल्यातला एखादा हुशार तरुण असे. गच्चीवर छत्री, घरात कंट्रोल रूम, खांबा-खांबावरून ओढलेली तार. रात्री व्हिडिओवर सिनेमा लावायचा आणि सणावाराला गावातील मिरवणूक, कबड्डीचे सामने, शाळेचे स्नेहसंमेलन दाखवायचे. १४ एप्रिलची मिरवणूक आपल्याच घरात, आपल्याच टीव्हीवर दिसते याचा आनंद काय असतो, हे त्या पिढीला विचारा. त्या वेड्यावाकड्या चित्रीकरणात एक मोलाची गोष्ट होती. गाव प्रथमच स्वतःकडे पाहत होते.

पुढे १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क (विनियमन) कायदा झाला. नोंदणी आली, दूरदर्शनच्या वाहिन्या दाखविण्याचे बंधन आले. ते योग्यच होते. मात्र शहरातील नागरिकांसाठी एखादी वाहिनी राखून ठेवावी, असे बंधन त्या कायद्याने केबलवर घातले नाही. नंतर डिजिटल पद्धत आली. अमरावती-अकोल्यासारख्या शहरांसाठी मुदत होती ३१ डिसेंबर २०१५. घरोघरी सेटटॉप बॉक्स बसले, चित्र स्वच्छ झाले. पण आता वाहिन्या मोठ्या वितरक कंपनीच्या केंद्रातून कुलूपबंद होऊन येऊ लागल्या आणि मोहल्ल्यातला केबलवाला मुख्यतः वर्गणी गोळा करणारा होऊन बसला. स्थानिक वाहिनी दाखवायची की नाही, हे त्या वितरकाच्या मर्जीवर गेले. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी अशा स्थानिक वाहिन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांना 'प्लॅटफॉर्म सेवा' असे नाव आहे. वितरकाने प्रत्येक वाहिनीमागे एक हजार रुपये भरून नोंदणी करायची आणि अशा वाहिन्या आपल्या एकूण क्षमतेच्या पाच टक्क्यांपर्यंत ठेवायच्या, असा नियम आहे. म्हणजे जागा आहे, खर्चही फार नाही. पण अर्ज करण्याचा हक्क वितरकाला आहे. तुम्हाला, मला किंवा या संस्थेला नाही. आपण स्वतः उपग्रह वाहिनी काढू म्हणाल, तर बातम्यांच्या पहिल्या वाहिनीसाठी कंपनीची मालमत्ता किमान वीस कोटींची आणि इतर वाहिनीसाठी पाच कोटींची असावी लागते.

आज आपल्या शहरांतून ज्या स्थानिक वाहिन्या चालतात, त्यांतील पत्रकार मंडळी अल्प मानधनात धावपळ करतात, याची मला जाणीव आहे. कित्येकदा त्यांच्यामुळेच एखादा फुटलेला नळ दुरुस्त होतो. परंतु वाहिनी जाहिरातीवर चालते आणि आपल्याकडे जाहिरात म्हणजे बहुधा पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. ज्याच्या शुभेच्छांवर महिना निघतो, त्याच्या प्रभागातील कचऱ्याचे ढीग दाखवायचे कसे? दोष व्यक्तीचा नाही, व्यवस्थेचा आहे. फ्रेझरपुऱ्यातील किंवा अकोट फैलातील एखाद्या बाईला आपले म्हणणे मांडायचे असेल, तर तिच्यासाठी या वाहिनीवर हक्काची पाच मिनिटे कोठे आहेत?

न्यायालय आणि कायदा काय म्हणतात

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट संघटनेच्या खटल्यात एक ऐतिहासिक निर्णय दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे त्या पीठावर होते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी व्हावा, हे त्या निर्णयाचे सार. प्रसारणावर सरकारची मक्तेदारी नको, तशीच ती पैसेवाल्याची मिरासही होऊ नये, हा त्यातला विचार. यातून खासगी वाहिन्यांना बळ मिळाले. पण सामान्य नागरिकाला त्या मालमत्तेतला वाटा मिळायचा राहून गेला आहे.

दुसरा आधार माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचा. आपण त्यात अर्ज करतो आणि तीस दिवस वाट पाहतो. पण त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात असे आहे की, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता कार्यालयाने आपण होऊन माहिती लोकांपर्यंत पोचवावी. ती कशी पोचवावी? सूचनाफलक, वृत्तपत्रे, जाहीर घोषणा यांच्याबरोबर प्रसारण माध्यमांचाही तेथे स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे पाण्याचे वेळापत्रक टीव्हीवर सांगा, असे म्हणणे ही विनवणी नसून कायद्याला धरून केलेली मागणी आहे.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. केबलवरील कार्यक्रमांवर लक्ष ठेवण्यासाठी जिल्हा पातळीवर समिती असावी, असा केंद्र सरकारचा आदेश आहे. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. महिलांसाठी आणि बालकांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना तीत स्थान आहे, महाविद्यालयाच्या प्राचार्यांना स्थान आहे. केबलवरील स्थानिक बातम्या समतोल आणि निःपक्षपाती आहेत की नाहीत, त्यांतून कोणत्या समाजाविरुद्ध चिथावणी तर मिळत नाही ना, हे तिने पाहायचे असते. आपल्या जिल्ह्यात ही समिती कधी बसते, तीत कोण आहेत, हे आपल्या संस्थेने जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन विचारले पाहिजे.

मोबाईल असताना वाहिनी कशाला?

येथे बसलेले तरुण मनात म्हणत असतील की, काका, आता हातात मोबाईल आहे, यूट्यूब आहे. वाहिनीचे दिवस गेले. या शंकेला उत्तर दिलेच पाहिजे.

मोबाईलने बोलण्याची सोय दिली, हे खरे. पण आपण जे बोललो ते कोणापर्यंत जाईल, हे एक दूरची कंपनी ठरवते. तिला अमरावती कोठे आहे याच्याशी कर्तव्य नाही. ज्याने लोक जास्त वेळ खिळतात, ते ती पुढे ढकलते. आणि भांडणाइतके खिळवून ठेवणारे दुसरे काय आहे? नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्यात काय झाले, ते आपण भोगले आहे. अकोल्यात एका समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून दंगल पेटली आणि एका माणसाचा जीव गेला. दोन्ही वेळी प्रशासनाला संचारबंदी लावावी लागली, इंटरनेट बंद करावे लागले. ते आवश्यकही असेल. पण इंटरनेट बंद झाल्यावर शहराजवळ काय उरले? अफवा तोंडोतोंडी फिरतच होत्या. हातावर पोट असलेल्या माणसाला कोणता रस्ता खुला आहे हे कळत नव्हते. दवाखाना, दूध, औषध यांची चौकशी कोणाकडे करावी हे समजत नव्हते. अशा वेळी सर्व समाजांचा ज्यावर विश्वास आहे अशी शहराची एक वाहिनी असती, तिच्यावर जिल्हाधिकाऱ्यांबरोबर दोन्ही मोहल्ल्यांतील वडीलधारी मंडळी बसून बोलली असती, तर किती फरक पडला असता! मात्र असा विश्वास दंगलीच्या दिवशी उभा करता येत नाही. तो रोजच्या पाण्याच्या, शाळेच्या, बाजारभावाच्या खऱ्या बातम्यांतून वर्षानुवर्षे साठवावा लागतो.

इतरांनी काय केले

अमेरिकेत १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात केबलवर लोकांसाठी खुल्या वाहिन्या सुरू झाल्या. पुढे १९८४ च्या कायद्याने तेथील शहरांना अधिकार मिळाला की, केबल कंपनीकडून जनता, शिक्षणसंस्था आणि नगरशासन यांच्यासाठी वाहिन्या राखून घ्याव्यात. त्यामागचा विचार साधा आहे. तुमची तार आमच्या सार्वजनिक रस्त्यावरून जाते, तर त्याचा मोबदला शहराला द्या. कंपनीच्या उत्पन्नातून पाच टक्क्यांपर्यंत शुल्क घेण्याची मुभाही शहरांना मिळाली आणि अनेक ठिकाणी त्यातून अशा वाहिन्यांना पैसा मिळाला. ब्राझीलने १९९५ मध्ये, म्हणजे आपला कायदा झाला त्याच वर्षी, आपल्या केबल कायद्यात विधिमंडळ, विद्यापीठ आणि लोकसंस्था यांच्यासाठी वाहिन्या राखल्या. एकाच वर्षी दोन देशांनी कायदे केले. त्यांनी नागरिकाची खुर्ची मांडली, आपण मांडली नाही.

आपल्या देशातही एक उजळ उदाहरण आहे, ते रेडिओचे. २००६ च्या धोरणाने ना-नफा संस्थांना सामुदायिक रेडिओ चालविण्याची परवानगी दिली आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी आंध्रातील, आताच्या तेलंगणातील, एका खेड्यात 'संघम रेडिओ' सुरू झाला. तो दलित शेतकरी स्त्रिया चालवितात. ध्वनिमुद्रण त्यांचे, बी-बियाण्याचे ज्ञान त्यांचे, बोली त्यांची. साताऱ्याच्या माणदेशात म्हसवडलाही महिलांच्या संस्थेचा रेडिओ चालतो. जे रेडिओला मान्य झाले, ते दूरचित्रवाणीला मात्र अजून लागू झालेले नाही. सामुदायिक वाहिनीचे धोरणच आपल्याकडे नाही.

आपल्या विदर्भात नागपुरातून 'लॉर्ड बुद्धा टीव्ही' आणि 'आवाज इंडिया टीव्ही' या वाहिन्या २०१० नंतरच्या दशकात उभ्या राहिल्या. १९२० मध्ये बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढले, त्या परंपरेचे स्मरण अशा वेळी होणे साहजिक आहे. पण नगरवाहिनीचा प्रश्न निराळा आहे, हे ध्यानात घ्यावे. समाजाची वाहिनी समाजाशी बोलते. शहराची वाहिनी शहरातील सर्वांना एका सतरंजीवर बसविते. आपल्याला दोन्ही हव्यात. आपल्याच माणसांत आपले म्हणणे मांडून भागत नाही. ज्याच्या हाती नळाची चावी आहे, त्यानेही ते ऐकले पाहिजे.

आपण काय करावे

सात डिसेंबर १९९४ पासून संसदेचा प्रश्नोत्तराचा तास थेट दिसू लागला. आज संसदेची स्वतःची वाहिनी आहे. दिल्लीतील खासदार काय बोलतो ते आपण पाहतो. मात्र आपल्या प्रभागाचा प्रतिनिधी महापालिकेच्या सभेत काय बोलला, किंवा बोललाच नाही, हे आपल्याला दिसत नाही. अमरावतीची महापालिका १९८३ ची, अकोल्याची २००१ ची. दोन्ही शहरे मिळून २०११ च्या जनगणनेनुसार दहा लाखांवर वस्ती. मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षे दोन्हीकडे प्रशासकांचा कारभार होता. तेव्हा तर प्रश्न विचारणारी सभाच नव्हती. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, महापालिकेची प्रत्येक सर्वसाधारण सभा शहरातील केबलवर आणि इंटरनेटवर थेट दाखवावी, असा ठराव आपण सर्व नागरिक संघटनांना बरोबर घेऊन मागावा.

दुसरी सूचना. वाहिनी महापालिकेच्या मालकीची असावी, असे मी म्हणत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१२ मध्येच स्थानिक स्वराज्य संस्थांना प्रसारणात येऊ देऊ नये अशी शिफारस केली होती आणि तिच्यात तथ्य आहे. सत्तेवर जो पक्ष येईल, त्याचीच ती वाहिनी होईल. आपली मागणी एवढीच असावी की, ज्या वितरकाला स्थानिक वाहिन्यांची नोंदणी मिळते, त्याने रोज ठरलेल्या वेळी एक तास नागरिकांसाठी विनामूल्य राखावा. त्या तासाचे नियोजन शिक्षक, डॉक्टर, वकील, महिला मंडळे आणि सर्व धर्मांच्या प्रतिनिधींच्या समितीकडे असावे. अर्ज येईल त्या क्रमाने वेळ मिळावा. चिथावणीला बंदी, जाहिरातीला बंदी आणि ज्याच्यावर टीका होईल त्याला उत्तराची संधी, हे तीन नियम पुरेत.

तिसरी सूचना आपल्या स्वतःसाठी आहे. उद्या तो तास मिळाला, तर त्यात दाखवायचे काय? अमरावतीत विद्यापीठ आहे, भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र आहे. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील पाण्याचा प्रश्न, कपाशीवरील बोंडअळी, मोर्शी-वरूडचा संत्रा, स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन, विषयांना तोटा नाही. तोटा आहे तो कॅमेरा धरून सरळ प्रश्न विचारणाऱ्या मुला-मुलींचा. आपल्या संस्थेने दर उन्हाळ्यात वीस मुलामुलींचे शिबिर घ्यावे. मोबाईलवर चित्रीकरण, जुळवणी, मुलाखत, आणि मुख्य म्हणजे ऐकलेली गोष्ट दोन ठिकाणी पडताळून मगच सांगण्याची सवय त्यांना लावावी. तीन वर्षे समाजकार्य केलेल्या नोंदणीकृत संस्थेला सामुदायिक रेडिओसाठी अर्ज करण्याची वाट खुली आहे. त्यावर मात्र स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, ही मर्यादा ध्यानात ठेवावी. तरीही ती पहिली पायरी म्हणून चांगली आहे.

बंधू-भगिनींनो, नळ, रस्ता, दिवा या सार्वजनिक सोयी आहेत हे आपण भांडून मान्य करून घेतले. खरी माहिती वेळेवर मिळणे आणि आपले म्हणणे चारचौघांत मांडता येणे, ही तशीच सोय आहे. नळ फक्त ओळखीच्या माणसाच्या घरी असावा, असे आज कोणी म्हणू धजत नाही. शहराच्या पडद्याबाबतही तसेच झाले पाहिजे. तीन सूचनांपैकी निदान शिबिराची सूचना कार्यकारिणीने याच वर्षी अमलात आणावी, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.

जयभीम!